कोणी बघायचं

पहाटे साडेतीनला पाऊस थांबला.
ब्रूस्टरच्या उतारावर चाळीस एकर चेरी
देठाच्या खळीत पाणी धरून बसलेली.
ऊन चढायच्या आत ते झाडायला हवं,
नाहीतर फळ तडकतं.
म्हणून बागेवरून हेलिकॉप्टर फिरवायचं, पंख्यासारखं,
आणि म्हणून बागवाला ओव्हरबी शेडच्या दारात उभा,
मिनिटं डॉलरांत मोजत:
"एकाने बघितलं ना? मग झालं."

एकाने म्हणजे मी.
रात्री दहाला, कपाळावर दिवा बांधून
तेल, पट्टे, शेपटीचा पंखा,
टाकीच्या तळातून काचेत काढलेलं निळं पेट्रोल,
त्यात पाण्याचा एक मणी नाही.
सही केली. झोपले.

माझे वडील सांगलीत छापखान्यात खिळे जुळवायचे.
स्वतः जुळवलेलं पान स्वतः कधी तपासत नसत.
म्हणत, हाताला जे पाठ असतं
ते डोळा न वाचताच पुढे ढकलतो.
पण चुकलेल्या वेलांटीवर बसून
कोणाला तीस फुटांवर तरंगायचं नव्हतं.

कर्ट आला. कॉफी पायरीवर ठेवली,
माझी सही वाचली, मान डोलावली,
आणि पहिल्यापासून सुरू झाला.
मला राग आला, खोटं कशाला सांगू.
अकरा वर्षं हे यंत्र उघडतेय, मिटतेय मी.
त्याला तर नटाचं माप विचारावं लागतं.

छोट्या टाकीच्या झाकणाशी तो थांबला.
बसलेलं होतं, आवळलेलं नव्हतं.
पाव वळसा. टक्.
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने.
तेवढे उपकार.

ओव्हरबी म्हणाला, "आता तरी?"

मी बॅटरी उचलली, कर्टच्या मागून निघाले.
ओल्या पत्र्यावर त्याची बोटं दिसत होती.
हात फिरला तिथले थेंब पुसलेले,
दारापाशी, सांध्यापाशी, पात्यांच्या मुळाशी,
ओळीने वाचत जावं असे.
शेपटीच्या खालच्या अंगाला मात्र
वीतभर जागा,
थेंब न् थेंब शाबूत.

गुडघ्यावर बसले.
तिथे हात ठेवला.