विषय क्रमांक अकरा

सभा साडेबाराची. सुरू झाली सव्वाला,
गणपूर्ती झाली तोवर खाली कँटीनची भजी थंड झाली होती.
मी खिडकीकडच्या टेबलाशी, दोन पेनं, एक वही.
एकोणीस वर्षं झाली, या सभागृहात
जे बोललं जातं त्यातलं जे लिहायचं असतं
ते मी लिहिते.

एक ते दहा विषय सरासरा गेले.
शिरोळकडच्या अंगणवाड्यांची जोती हातभर उंच करणे: मंजूर.
शिलाई यंत्रांऐवजी पिको-फॉलची यंत्रं: मंजूर.
जनावरांच्या दवाखान्याचा फ्रिज, दुरुस्ती तिसऱ्यांदा:
चर्चा होऊन मंजूर.
चर्चा म्हणजे आप्पा सनगर तावातावानं उठले,
माईक बंद निघाला,
बसले.

विषय अकरा. मौजे उंबरटेक, तालुका गगनबावडा,
येथील प्राथमिक शाळा, पटसंख्या तीन,
लगतच्या शाळेत समायोजित करणे
व जुने साहित्य निर्लेखित करणेबाबत.
यादी सोबत जोडली आहे.
बाके, मोडकी, चार. फळा, तडा गेलेला.
पृथ्वीगोल, आस नसलेला.
घंटा लोखंडी, एक.

सूचक मिळाले. अनुमोदकाचा हात निम्म्यावर आला होता
तेवढ्यात मागच्या रांगेतनं सगुणा झोरे उठल्या.
पहिल्या खेपेच्या सदस्या, दोन वर्षांत
हजेरीच्या सहीपलीकडं माझ्या वहीत न आलेल्या.
बाजाराच्या पिशवीतनं काढून त्यांनी डायसवर ठेवला
रुळाचा वीतभर तुकडा, तारेचा आकडा, एक बोल्ट.

"ही तुमची घंटा लोखंडी, एक.
लगतची शाळा म्हंतासा, दीड किलोमीटर.
कावळ्याला दीडच हाय.
पोरास्नी मधी वढा लागतोय.
वढ्यावरचा साकव आपुनच मंजूर केलाय गेल्या साली,
मी बी हात वर केला हुता.
त्यो कुठं हाय तेवढं दावा,
मग शाळा न्या कुठं न्यायची तिकडं."

बांधकामचे साहेब फाईल चाळू लागले.
साकव निविदेत होता,
निविदा फेरनिविदेत,
फेरनिविदा आचारसंहितेत अडकून राहिली होती.

मग बाईंनी बोल्ट उचलला
आणि टोला दिला. एकच.

पंखे चालू होते, तरी तो बराच वेळ ऐकू येत राहिला.
संभा शिपाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबला.
लेखाधिकारी, निवृत्तीला चार महिने उरलेले,
खुर्चीतून अर्धे उठले,
आपण का उठलो हे न कळून पुन्हा बसले.
अध्यक्षांचा हात समोरच्या पितळी घंटीवर गेला होता,
ती त्यांनी वाजवली नाही.

माझं पेन "सन्मा. सदस्या यांनी" इथं अडलं.
लघुलिपीत टोल्याला खूण नाही.

तरी लिहिलं मी. टोला लिहिला, कावळा लिहिला,
लेखाधिकाऱ्यांचं उठणं मात्र गाळलं, भल्या माणसाची लाज.
संध्याकाळी मसुदा वर गेला, सकाळी खाली आला.
पाऊण पान उभं छाटलेलं, समासात लाल शाई:
चर्चा होऊन तहकूब. एवढे पुरे.

पुढच्या सभेत मागील इतिवृत्त
वाचून कायम करणेत आले.
अकराचा विषय चारवर आला होता.
सहा मिनिटं लागली.
झोरेबाई नव्हत्या. त्यांचा रजेचा अर्ज
ग्रामसेवकाच्या हस्ते, वहीच्या फाटक्या कागदावर.

रजेचे अर्ज मात्र शब्दशः घ्यावे लागतात, तसा नियम आहे;
मी नियमानं वागते.
पान दोनवर आहे, कुणीही बघावं:
गैरहजेरीचे कारण, ओढ्याला पाणी.
त्यावर अध्यक्षांची सही, गोल शिक्का.

रुळाचा तुकडा माझ्या कपाटात आहे, खालच्या कप्प्यात.
निर्लेखित वस्तू, कुठल्याच नोंदवहीत नाही,
परत कुणाला करायची?
गठ्ठे ओढताना कधी त्याला धक्का लागतो
आणि व्हरांड्यातनं संभा विचारतो,
"बाई, भरली का शाळा?"