एकोणनव्वद

दस्तगीरने पेनड्राइव्ह काउंटरवर आपटला.
"एक गाणं कुजबुजतंय, दुसरं कानफटात मारतंय.
मागं दोन ट्रॉल्या ऊस, एक हात स्टेअरिंगवर,
दुसरा सारखा बटनावर.
कारखाना येईस्तोवर किती पिळू त्याचा कान?"

मिरज स्टेशनच्या रस्त्याला माझं साडेसहा फुटी दुकान.
मी म्हटलं, बस, चहा घे.
चारशे बारा फायली. एकेकीचा आवाज मोजला,
कुठली चौऱ्याण्णव डेसिबल, कुठली एक्क्याऐंशी.
सगळ्यांना सांगितलं, एकोणनव्वदवर या.
कॉम्प्युटरवर आल्या गुमान.
ट्रॅक्टरच्या डेकवर पुन्हा तेच.

रात्री भाकरी मोडताना लक्षात आलं,
मी आवाजाला हात लावलाच नव्हता.
फायलीच्या कपाळावर नुसती चिठ्ठी डकवली होती,
'हिला पाचने कमी वाजवा',
आणि दस्तगीरच्या डेकला वाचता येत नव्हतं.

मग आत हात घातला. दीड-दीडच्या पायरीनं,
त्याहून बारीक पायरी या फायलींना नसते.
तरी काही गाणी फाटकीच राहिली,
आधीच कुणीतरी हावरटपणे चढवलेली,
लाटांचे शेंडे सपाट कापलेले.
"वाढं तोडलं की परत उसाला लागतंय व्हय?"
दस्तगीर स्वतःच म्हणाला.
पैसे शनिवारी देतो म्हणून गेला.

त्याच आठवड्यात आवटी सर, ब्राह्मणपुरीतले.
हायस्कूलला भूमिती शिकवायचे.
एका रात्रीच्या चौदा फायली,
ब्याऐंशी सालची बैठक, त्यांच्याच माडीवर,
कॅसेटवरून उतरवून घेतलेली.
"जरा सारखं करून दे. ऐकू कमी येतं आता."
मी आता शहाणा झालो होतो.
एकेक मोजली, एकेक एकोणनव्वदवर आणली.

दोन दिवसांनी आले. बसले नाहीत.
"पहिली लाव."

पहिल्या फायलीत गाणंच नाही.
दोन तंबोरे जुळतायत, खुंटी करकरते,
कुणी घसा साफ करतं,
आणि मागून, जिन्याकडून, एक बाई,
"दूध उतू जाईल, बघून येते."

ती माझ्या साडेसहा फुटांत उभी,
नवव्या फायलीतल्या तानेएवढी मोठी.

सर पंख्याकडे बघत म्हणाले,
"ती जिन्यातच बसायची.
मी एकदाही आत ये म्हटलं नाही.
तू तिला गवयाच्या मांडीला मांडी लावून बसवलीस."

मला वाटलं, म्हणतील, राहू दे असंच.

"लांब होती. लांबच ठेव."

दुसरी रीत असते.
चौदांची मिळून एकच मोजणी, सगळ्यांना एकच उचल.
मग कुजबूज कुजबूजच राहते, तान तानच,
मधलं अंतर त्या रात्रीचं होतं तेवढंच.
आणि किती चढवलं ते फाईल विसरत नाही,
उतरता येतं.
उतरलो. एक, दोन, तीन,
सहाव्या पायरीला ती जिन्यात पोचली.

सरांनी स्पीकरला कान लावला. बराच वेळ.
"आता नाही येत ऐकू," म्हणाले.
वरच्या खिशातून सुटे पैसे काढून
काउंटरवर एकाखाली एक लावले,
मोजायला मला सोपं जावं म्हणून.

साडेनवाला दस्तगीर गेला रस्त्यावरून,
सगळी गाणी एकसारखी,
काचा हलल्या तेवढ्या.

शटर अर्धं ओढून मी पहिली फाईल परत लावली.
खुंटी. घसा.
मग नुसती खरखर, आणि तिच्यात असेल तर ती.
बोट बटनावर गेलं होतं.
आवाज वाढवला नाही.
पंखा बंद केला.