वैरण

फ्रीमन स्ट्रीटवरच्या चिप शॉपमध्ये एक्केचाळीस शनिवार
हॅडॉक पिठात बुडवून काढल्यावर
शाल्मलीने ग्राफिक्स कार्ड आणलं.
विटेपेक्षा लांब, तीन पंख्यांचं.
कॅबिनेटमध्ये मावेना, म्हणून
जुन्या हार्ड डिस्कची खोबण मी पकडीने उचकटली.

बाकी सगळं तेच. नऊ वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात
याच टेबलावर मी जोडलेलं.
तेव्हा ती आठ वर्षांची, स्क्रू सांभाळायला
आमटीची वाटी मांडीवर घेऊन बसलेली.
प्रोसेसरवर पेस्ट किती?
"वाटाण्याएवढी," तिने वाचून दाखवलं.
मी म्हटलं, मुगाएवढी पुरे.

रात्री खेळ लावला. वाळवंटात गाडी सुसाट,
आकडा दीडशेवर, ती खुर्चीतच उड्या मारायला लागली.
मग वेशीतून बाजारात शिरलो
आणि घोडं अडलं.
दोनशे माणसं, कोंबड्या, एक आंधळा भिकारी.
चाळीस. अडतीस. पुन्हा चाळीस.
कोपऱ्यातली बारीक अक्षरं मी चष्मा कपाळावर सरकवून वाचली:
प्रोसेसर शंभर टक्के,
कार्ड पस्तीस.

"कार्ड खराब निघालं का बाबा?"
कार्ड नुसतं रंगवतं गं.
कोण कुठून आलं, कोंबडी कुठे वळली,
कुणाची टोपली कुणाला लागली,
हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं.
ते म्हातारं ठरवतंय. त्याला चार कोअर आणि ही दोनशे माणसं.
जातं केवढंही आण,
पीठ पडतं वैरणीच्या मुठीइतकंच.

"वैरण म्हणजे?"
मी हवेत खुंटा धरून फिरवला,
दुसऱ्या हाताने मूठ मूठ दाणे सोडले.
"अच्छा," ती म्हणाली, "बॉटलनेक."
हो. तेच.

कारखान्यात मी पट्टे दुरुस्त करतो, फिश फिंगरचे.
गेल्या साली जर्मनीहून कापायचं यंत्र आलं,
मिनिटाला सहाशे तुकडे. फीत कापली, केक वाटला.
पट्टा एकोणीसशे नव्वदचा.
यंत्र अजूनही बराच वेळ रिकामं पातं फिरवत असतं
आणि कीथ त्याच्याकडे बघत चहा पितो.
साहेब विचारतात, यंत्राला झालंय काय?
यंत्राला काहीच झालेलं नाही, हे पटवायला
मला तीन मीटिंगा लागल्या.
तिथे वैरण हा शब्द नव्हता.

रविवारी कुणाला न विचारता
खालचा टीव्ही उचलून वर नेला.
मोठा पडदा, चौपट ठिपके. तीच वेस, तोच बाजार,
आकडाही तोच, चाळीस.
म्हातारं तेवढंच चालतं, तेवढंच चालणार.
पण कार्ड आता शहाण्णववर,
पंखे घुमायला लागले, खोली उबदार झाली,
आणि भिकाऱ्याच्या वाडग्यात नाणं दिसलं.
कोंबडीच्या मानेवरचं एक उलटं पीस.
"हे इथे होतं?" शाल्मली पडद्याला नाक लावून.
होतं. त्याला कुणी काम सांगितलं नव्हतं.
जिन्याखालून वसुधा ओरडली,
"मी मालिका भिंतीवर बघू का?"

सप्टेंबरात ती डंडीला जाईल शिकायला, हे धूड घेऊन.
नवा प्रोसेसर म्हणजे नवा बोर्ड, नवी रॅम.
बेरीज करून ठेवलीय, चिठ्ठी खिशात आहे.
"असू दे, चालतंय की," ती म्हणते.
इचलकरंजीचं ते "की", ग्रिम्स्बीत वाढलेल्या तोंडून.
मी चिठ्ठी काढत नाही, टाकूनही देत नाही.

पडद्यावर बाजार अडखळतो.
एक बाई डोक्यावरची टोपली सावरत पाऊल उचलते,
पाऊल हवेतच राहतं.
कुठे टाकायचं ते ठरतंय.
आम्ही थांबतो.