दात मोजणारा

युनिट सोळाच्या मागे, गव्हाणींच्या पलीकडे,
करंजाच्या फांदीवर तो पहिल्यांदा दिसला,
म्हणजे बारक्या वरठाला दिसला.
मला नुसतं एक पान दिसत होतं
वारा नसताना हलणारं.

"घोयरा," बारक्या हळूच म्हणाला.
"तोंड मीट. दात मोजतो तो.
पुरे मोजले की माणूस खलास."
मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं.
बारक्या मात्र खुशाल हसला:
त्याचे पुढचे दोन पडलेले,
हिशेब चुकणारच होता घोयऱ्याचा.

एक पाऊल पुढे. मग विचार. मग तेच पाऊल मागे.
गुरांच्या दवाखान्यात बाबा
रजेचा अर्ज घेऊन
साहेबांच्या दारात असेच झुलायचे.
पायांचे चिमटे. शेपटी
उघडलेल्या घड्याळातल्या स्प्रिंगसारखी.
आणि डोळे, एकमेकांशी अबोला धरलेले:
एक माझ्यावर,
एक बारक्यावर.
शाळेत बाई माझ्याकडे बघत,
नाहीतर त्याच्याकडे,
आणि त्याच्याकडे बघताना हातात पट्टी असे.

रविवारी त्याला ताईच्या लाल रिबिनीवर ठेवला.
हो लाल, म्हटलं. झाला नाही.
माझ्या खाकी चड्डीवर ठेवला. खाकीही नाही.
काळा पडत गेला फक्त, ठिपक्याठिपक्यांनी,
गळा फुगवून, फिस्स करत.
"सोड," बारक्या म्हणाला, "भ्यालाय."
मला लाल हवा होता.
मी सोडला, पण जरा उशिरा.

रात्री बारक्या बॅटरी घेऊन आला.
तीच फांदी, आणि तिच्या टोकाला
दुधावरच्या सायीच्या रंगाचं काहीतरी
शेपूट गुंडाळून झोपलेलं.
म्हशी रवंथ करत होत्या.
डोळे मिटलेत याची दोनदा खात्री करून
मी त्याच्यासमोर दात काढून हसलो,
सगळेच्या सगळे.

बारक्याला म्हणे आता पाड्यावरून उठवून
सातव्या मजल्यावर घर दिलंय.
कुठल्या इमारतीत, कुणाला नीट माहीत नाही.

परवा गोरेगावात दातांच्या डॉक्टरीणबाईंनी
खुर्ची मागे कलती केली,
दिवा तोंडावर ओढला, "आ करा" म्हणाल्या,
आणि मोजू लागल्या, मोठ्यानं,
आरशाची थंड टिचकी देत एकेकाला.
पंचवीस, सव्वीस, सत्तावीस...
मी गपकन तोंड मिटलं.

"दुखलं का?"
नाही, म्हटलं.
एक राहू दे.