अकरा मिनिटं वीस सेकंद

ओसोर्नोत जून म्हणजे ऐन थंडी.
शेगडीत ओलं लाकूड धुमसतंय
आणि पडद्यावर विद्यापीठाने दिलेला तक्ता:
कोण आलं, किती वेळ टिकलं, कुठे थांबलं.
एलिसेओ बार्रीआच्या नावापुढे लाल ठिपका.
सहभाग कमी, म्हणतं यंत्र.

एलिसेओ बेटावर राहतो, आचाओच्या पुढे.
माझा धडा उघडतो पहाटे तीन चाळीसला,
साल्मनच्या कारखान्यातली पाळी संपली की.
मधेच तुटतो. परत येतो चार वाजून दोन मिनिटांनी.
तेवढ्यात तो काय करतो
याला तक्त्यात रकाना नाही.
हात धूत असेल. माशाचा वास
कितीदा धुतला म्हणजे जातो?

यास्ना ओयार्सो मला दुप्पट वेगाने ऐकते,
तिच्या कानात मी नुसती चिवचिवत असेन.
हिरवा ठिपका.
मिल्यारायने अख्खं सत्र एका रविवारी बघितलं,
बघितलं, की चालू ठेवून कपडे वाळत घातले, देव जाणे.
हिरवाच.

मग दिसलं ते.
अकरा मिनिटं वीस सेकंद.
एलिसेओ तिथे थांबलाय, मागे गेलाय, पुन्हा थांबलाय,
सहा वेळा.
यास्नासुद्धा, वेग सोडून.
एक्केचाळीस जण एकाच खड्ड्यात
एकेकटे अडखळलेले,
कुणाला कुणाची चाहूल नाही.
मी म्हटलं, पाया कच्चा आहे पोरांचा.

स्वतःचं तोंड बघायला नको वाटतं मला,
तरी लावलं ते मिनिट.
फळ्यापाशी मी, निळा स्वेटर,
ठासून अधिक काढतेय
जिथे वजा हवं.

तीन वर्षं हाच धडा चालवतेय.
आधीच्यांचे ठिपके उघडायचा धीर होत नाही.

एक्केचाळीस जणांनी पाहिलं
आणि चकार शब्द नाही.
फक्त प्रश्नांच्या चौकटीत एलिसेओची नोंद:
एकोणीस मिनिटं टाइप केलं. पाठवलं काही नाही.
एकोणीस मिनिटं!
काय काय लिहून खोडलं असेल पोराने
माझा मान राखायला.

गुरुवारी तासाला नऊ काळ्या चौकटी.
त्यांच्याकडे बघत विचारलं,
अकराव्या मिनिटाला माझं काय चुकलंय?
कुणाचा तरी कोंबडा आरवला.
लांब कुठे लाकडावर करवत.
मग एक माइक उघडला, खाकरला,
मिटला,
पुन्हा उघडला:
"वजा, प्रोफे."