डी

कोर्टनाक्याला, कचेरीच्या भिंतीलगत माझं टेबल.
त्यावर अकरा वर्षांचा लॅपटॉप, बिजागरीला चिकटपट्टी.
आज सकाळी त्याचा डी गेला.

डी म्हणजे इनस्क्रिप्टमध्ये
अक्षराचा पाय मोडायची कळ.
पाय मोडल्याशिवाय एक अक्षर
दुसऱ्याच्या अंगावर रेलत नाही.

आधी इंग्रजीत दाबून पाहिला. तिथेही गप्प.
म्हणजे फॉन्टचा दोष नाही.
बंद करून चालू केला.
उलटा धरून थापटला, तर पडले
दोन तीळ, स्टेपलरची एक पिन
आणि कुठल्याशा वारसदाखल्याच्या वेळचा खडूसारखा पाव.
टोपी नखाने उचकटली, दाढीच्या ब्रशने झाडली,
पुन्हा बसवली. टक्क झालं. उमटलं काही नाही.

जांभळी नाक्यावरचा शमसुद्दीन फोनवर म्हणाला,
चाचा, आतली पट्टीच गेली,
ह्या मॉडेलचा माल येत नाही आता.
बाहेरून कीबोर्ड लावा, साडेतीनशे.
टेबल दोन फुटांचं. लावू कुठे,
शिक्क्याच्या डोक्यावर?

तोवर समोर हर्षला नाखवा, चेंदणीची,
मांडीवर प्लास्टिकची फाइल.
सासूच्या रेशनकार्डातून नाव काढायचंय.

प्रतिज्ञापत्र सहज झालं.
प्र, ज्ञ, त्र यांना वरच्या ओळीत
शिफ्टसकट आपापली खोली आहे.
हर्षलाचा रफारही तिथेच, चारच्या डोक्यावर.
आजवर एकत्र, हेही लिहून झालं.
विभक्त लिहिलं, तर
विभकत.

ती स्क्रीनकडे वाकली. हसली नाही.
वेगळी लिहा काका, म्हणाली,
आमच्याकडे तोच शब्द चालतो.

वेगळी लिहिलं. कारकून काय म्हणेल ते तो म्हणेल.
खालचं सत्यही सतय होत होतं,
तिथे खरा घातला.
वरील मजकूर खरा आहे.
एक पायसुद्धा मोडावा लागला नाही.
तिने सही केली, नाखवा,
आणि पेनाचं टोपण विसरून गेली.

पाच वाजता ताडपत्री ओढताना
डी आपणहून सुरू झाला.
कुणी हात लावलेला नाही,
आणि कोऱ्या पानावर ओळभर
ठिपक्यांचे रिकामे गोल,
प्रत्येकाखाली एक तिरकी रेघ,
वर अक्षर नाही.

पान भरलं. दुसरं सुरू झालं.
मी टोपी पुन्हा उचकटून
तिच्या टोपणाशेजारी ठेवली.