परवाना लागत नाही

एक जुलैपासून कायदा बदलला.
होबार्टहून खोकं आलं: नवे फॉर्म, नव्या सूचना,
आणि भिंतीवर लावायचा एक तक्ता,
ज्यात बांधकामाच्या जोखमीला चार रंग दिलेत.
हिरवा पट्टा माझ्याकडून जरा वाकडाच चिकटला.

सोमवारी नदीवरचं धुकं पार्किंगपर्यंत आलं होतं.
त्यातून पहिला आत आला अ‍ॅम्ब्रोज ट्रेलोर.
वय शहात्तर. डाव्या हाताची करंगळी अर्धी.
उरलेली अर्धी कुठल्या छपरावर राहिली
ते तो दर वेळी वेगळं सांगतो.

त्याची मान्यता संपली होती.
तीन वर्षांत छत्तीस गुण जमवायचे होते,
वर्गात बसून, नाहीतर पडद्यासमोर.
अ‍ॅम्ब्रोजचे जमले दोन,
शिडीवरून कसं पडू नये या व्याख्यानाचे.
व्याख्यात्याचे बूट बघून म्हणे
त्याला पुढचं ऐकवेना.

यादीत नाव नाही, म्हणजे सही चालत नाही.
हे मी त्याला सांगितलं
काउंटरवर कोपर टेकून.
ब्लॅकवुडचा काउंटर,
एकोणऐंशी साली त्यानंच केलेला,
सांध्यात सांधा, खिळा एकही नाही.

तो काही बोलला नाही.
कोटातून कागद काढला.
पेन्सिलीचं रेखाटन: स्वयंपाकघराच्या दारापासून अंगणापर्यंत उतार.
उंची चाळीस सेंटिमीटर, लांबी पाच मीटर साठ.
कठडा डाव्या बाजूला,
कारण ईनिडचा उजवा हात आता उचलत नाही.
चाकांच्या खुर्चीचं मापही काढलं होतं,
अगदी पाय ठेवायच्या पट्टीपर्यंत.

मी तक्त्याकडे पाहिलं. हिरवा.
म्हटलं, याला परवाना लागत नाही,
सही नाही, तपासणी नाही. घरी जा आणि ठोक.
नव्या कायद्यानं माझ्या हाती दिलेली
ती पहिलीच गोड बातमी होती.

तो उभाच.
"म्हणजे कोणी बघायला येणार नाही?"
नाही.
"नेटलफोल्डसुद्धा?"
तो तर मार्चमध्येच निवृत्त झाला.
नेटलफोल्ड, ज्यानं दोन मिलिमीटरसाठी
याची अख्खी भिंत उतरवायला लावली होती,
ओळंबा धरून, पाणसळ धरून, आईवरून शिव्या खाऊन,
आणि संध्याकाळी बाह्या सरसावून
विटा द्यायला स्वतःच आला होता.

अ‍ॅम्ब्रोज कागदाकडे बघत राहिला.
चाळीस वर्षं ज्या शिक्क्याशी भांडला
तो आता त्याला नकोच होता, असं कायदा म्हणत होता.
त्याचं तसं म्हणणं नव्हतं.

माझ्याकडे शिक्के दोन.
गोल मोठा कुलपात असतो: मंजूर.
दुसरा टेबलावरच पडलेला, तारखेचा.
तो सगळ्यावर बसतो, कुत्र्याच्या बिल्ल्याच्या अर्जावर,
शेजाऱ्याच्या तक्रारीवर, एकदा चुकून नाताळच्या कार्डावर.
तोच उचलला, नीट शाई लावून, कोपऱ्यात सरळ मारला:
मिळाले.

त्यानं ते पुष्कळ वेळ वाचलं.
एका शब्दात वाचण्यासारखं काय असतं कोण जाणे.
चार घड्या घालून कागद छातीच्या खिशात.

निघताना काउंटरची झडप दोनदा उघडून मिटली.
एप्रिलपासून कुरकुरत होती.
त्यानं मेणबत्तीचा तुकडा काढला, बिजागरीत घासला.
यादीत नाव नसलेल्या माणसानं
सरकारी इमारतीत केलेलं काम.

मी तेव्हा हिरवा पट्टा सरळ करत होते.
काही पाहिलं नाही. विचारलं तर तसं लिहून देईन.